डाग न पडणारं माहेर

घरात माणसं राहतात, ही घराच्या सौंदर्याला असलेली सर्वांत जुनी अडचण आहे. माणसाने गुहा सोडली तेव्हापासून तिच्यावर विचार चालू आहे. राजेरजवाड्यांनी दिवाणखाने वाढवून पाहिले, मध्यमवर्गाने सोफ्याला प्लॅस्टिकचं आवरण घालून पाहिलं. दोन्ही उपाय अपुरे पडले. (लोक आवरणावरही बसत.) या प्रश्नाचं शास्त्रशुद्ध उत्तर अलीकडे जुईनगरच्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सापडलं, आणि ते शोधून काढण्याचा मान वैजयंती सबनीस यांच्याकडे जातो.

वैजयंतीबाई रसायनशास्त्राच्या एम.एस्सी. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तुर्भ्याच्या एमआयडीसीत, रंग आणि लेप तपासणाऱ्या एका लहान प्रयोगशाळेत काढली. रंगवलेल्या पत्र्यावर ब्लेडने आडव्याउभ्या रेघा मारायच्या, वर चिकटपट्टी दाबून बसवायची, ती झटक्यात ओढायची आणि किती रंग सुटून आला ते भिंगाखाली पाहायचं. असे हजारो पत्रे त्यांच्या हाताखालून गेले. बोलणं कमी, नजर बारीक. घाईने पास केलेला एकही नमुना त्यांच्या नावावर नव्हता, आणि निवृत्तीच्या दिवशी केक कापताना त्यांनी सुरीच्या पात्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून सहकाऱ्यांना कळलं की बाई घरी जाऊन स्वस्थ बसणार नाहीत.

त्यांच्या एकुलत्या मुलीला, अबोलीला, दिवस गेले. अबोलीचं सासर उरणजवळच्या एका गावात. जावई तेजस. त्याच्या घरची भातशेती नव्या वसाहतीत गेली होती आणि आता त्या मंडळींची द्रोणागिरीला दोन गोदामं भाड्याने दिलेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाबद्दल दोन्ही घरांत दुमत नव्हतं. वैजयंतीबाईंच्या बाबतीत तर तो नुसता रिवाज नव्हता. अबोलीच्या वेळी त्यांची आई हयात नव्हती. त्यांचं बाळंतपण सासरीच झालं होतं, आणि त्या काळात कोणी किती चादरी खराब केल्या हे त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललं जाई. तेव्हा पडल्या पडल्या त्यांनी मनात एक वाक्य पक्कं केलं होतं: माझ्या मुलीला माहेर असेल.

या वाक्यापासून फ्लॅटच्या नूतनीकरणापर्यंतचा तर्क असा. मुलगी माहेरी येणार. माहेर चांगलं हवं. चांगलं म्हणजे आज ज्याला चांगलं म्हणतात ते. आज चांगलं कशाला म्हणतात ते फोनमध्ये असतं. सबब, फोनमध्ये दिसतं तसं घर हवं. यात तर्कदोष कुठेही नाही. (बाईंनी दोनदा तपासला.)

फोनमधली घरं पाहिल्यावर स्वतःचं घर त्यांना प्रथमच दिसलं. मोझॅकची फरशी, पिवळट ऑइलपेंट, पोटात गाद्या भरलेला दिवाण, आणि शोकेस. शोकेसमध्ये लग्नात आलेले लेमनसेट, अबोलीने शाळेत जिंकलेले कप आणि शिंपल्यांचा एक गणपती, ज्याची सोंड कोणी चिकटवली हे आता कोणालाच आठवत नव्हतं. दिवाणावर त्यांचे यजमान नंदकिशोर पेपर वाचत बसत. बंदरातल्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते तिथेच असत, त्यामुळे दिवाण आणि ते वेगळे मोजण्याची गरज आजवर पडली नव्हती.

सीवूड्सची तरुण इंटिरियर डिझायनर क्षिप्रा येऊन गेली. तिने हॉलच्या मधोमध उभं राहून डोळे मिटले, उघडले, आणि अत्यंत हळुवारपणे निदान सांगितलं.

"काकू, तुमच्या घरात ना, खूप गोष्टी आहेत."

"आम्ही राहतो ना इथे," नंदकिशोर म्हणाले.

"तेच ते, काका."

क्षिप्राच्या मते घराला श्वास घ्यायला जागा हवी होती. भिंतीला चुन्याचा गिलावा दिला की भिंत श्वास घेते. वेताची दारं लावली की कपाट श्वास घेतं. वस्तू काढल्या की कोपरे श्वास घेतात. या सगळ्यांना पुरून उरला तर घरमालकानेही घ्यायला हरकत नव्हती. मोझॅकबद्दल मात्र ती ठाम होती. ते जायलाच हवं. त्याजागी बाल्कनीपर्यंत मायक्रोसिमेंटचा सलग लेप, आणि बाथरूममध्ये टेराझो.

टेराझोचा नमुना बाईंनी भिंगाखाली धरला. पांढऱ्या सिमेंटमध्ये संगमरवराची खडी. मग त्यांनी कोपऱ्यातल्या फुटक्या मोझॅकचा एक तुकडा भिंगाखाली धरला. पांढरं सिमेंट, संगमरवराची खडी.

"क्षिप्रा, हे तेच आहे."

"नाही काकू. ते सगळ्यांकडे असायचं म्हणून होतं. हे आपण सिलेक्ट केलंय."

बाईंनी मान डोलावली. पदार्थ तोच असूनही इतिहासामुळे गुणधर्म बदलतात, अशी उदाहरणं धातुशास्त्रात आहेत.

तरीही त्या प्रयोगशाळेच्या बाई होत्या. चाचणीशिवाय त्या काहीही घरात येऊ देणार नव्हत्या. त्यांनी क्षिप्राकडून प्रत्येक सामानाचा हातभर नमुना मागवला आणि गॅलरीत ओळीने मांडला. बाळंतिणीच्या घरात जे जे सांडतं ते ते प्रत्येकावर सांडलं: हळद, चहा, खोबरेल, लिंबाचा रस, लोणच्याचा खार, डिंकाच्या लाडवाचं तूप. रात्रभर तसंच ठेवून सकाळी पुसलं. निष्कर्ष स्वच्छ होते. लॅमिनेट, साधी टाइल आणि स्टील सर्व चाचण्यांत उत्तीर्ण. चुन्याच्या गिलाव्याने खोबरेल क्षणात पिऊन टाकलं आणि परत दिलं नाही. वेताच्या जाळीत तूप जाऊन बसलं ते तिथेच. बुक्ले नावाच्या गुठळ्यागुठळ्यांच्या पांढऱ्या कापडाने हळद इतक्या आपुलकीने स्वीकारली की दोघांना वेगळं करणं निर्दयपणाचं झालं असतं. ट्रॅव्हर्टीन दगडावर लिंबू पडताच फसफसलं. (ट्रॅव्हर्टीन म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडलं की काय होतं ते दहावीच्या मुलाला ठाऊक असतं. ते किती सुंदर दिसतं हे मात्र त्याला ठाऊक नसतं.)

बाईंनी आलेख काढला. आडव्या अक्षावर टिकाऊपणा, उभ्या अक्षावर देखणेपणा. सगळे बिंदू एका सरळ रेषेत आले आणि रेषा घसरगुंडीसारखी खाली गेली. इतका सुबक आलेख नोकरीतही कधी आला नव्हता.

"मग लॅमिनेटच लावू," त्या क्षिप्राला म्हणाल्या.

"लावू की, काकू. फक्त हॉस्पिटल वाटेल."

बाईंनी रात्रभर विचार केला, आणि तिथे विज्ञानाने एक पाऊल पुढे टाकलं. आजवर सगळे पदार्थ सुधारत आले होते. पण डाग पडण्यासाठी दोन पक्ष लागतात, एक डाग घेणारा आणि एक पाडणारा. घेणारा इतका सुंदर असेल तर सुधारणा दुसऱ्या पक्षात करणं तर्काला धरून होतं. दुसरा पक्ष म्हणजे नंदकिशोर.

घर तयार झालं. त्याचं वर्णन करताना शब्द तोकडे पडतात आणि ते योग्यच आहे, कारण फार शब्द तिथे शोभले नसते. भिंती ओल्या वाळूच्या रंगाच्या. एका भिंतीवर ओकच्या उभ्या पन्हाळीदार पट्ट्या, ज्यांच्यामागे शोकेस कधी होतं असं सांगूनही पटलं नसतं. कपाटांना मुठी नाहीत, दिव्यांना दिवे नाहीत. छताच्या खाचेतून नुसता उजेड येतो. सोफा पांढरा, बुक्लेचा, जमिनीपासून वीतभर. (त्यामुळे जमिनीशी नातं राहतं.) भिंतीवर एक रिकामी चौकट, तिच्यात काहीही नाही, आणि ते काहीही नसणं क्षिप्राने स्वतः निवडलं होतं.

यासोबत काही साधे नियम आले. हळद लागणारी भाजी डब्यातून, गॅलरीत उभं राहून खावी. चहा पारदर्शक असल्यास सोफ्यावर चालेल. पेपर वाचून झाल्यावर हात धुवावेत, वाचण्यापूर्वी शक्यतो वाचावा का याचा विचार करावा. भिंतीला टेकू नये. ज्यांना टेकण्याची सवय आहे त्यांनी ती हळूहळू सोडावी. नंदकिशोर सुरुवातीला कुरकुरले, मग खालच्या आवारातल्या बाकावर बसू लागले. तिथे त्यांना इतर तीन इमारतींतले निवृत्त गृहस्थ भेटले. चौकशीअंती त्यांच्याही घरी नुकतंच काम झालेलं निघालं.

सातव्या महिन्यात ओटी भरून अबोली आली. सोडायला तेजस आणि त्याची आई गोजराबाई. गोजराबाईंच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या: घरच्या तिखटाचा डबा, सुके बोंबील, जुन्या साड्यांचे मऊ लंगोट, तेलाची बाटली. त्या दारातून आत आल्या आणि हॉलच्या मध्यावर उभ्या राहिल्या.

"बसा ना," वैजयंतीबाई म्हणाल्या.

गोजराबाईंनी सोफ्याकडे पाहिलं, स्वतःच्या पिशव्यांकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून, आपण काही खाजगी विचारतो आहोत अशा संकोचाने म्हणाल्या, "विहीनबाय, घर विकाला काढला काय?"

"नाही हो. का?"

"नाय, आमच्या द्रोणागिरीला बिल्डर असाच ठेवतान, सँपल फ्लॅट. बगाला नेतान, पन बसाला देत नाय."

"आई!" तेजस म्हणाला.

"मंग? चांगलाच हाय म्हनते मी. लय चांगला हाय." आणि बोंबील त्यांनी स्वतःच, न सांगता, गॅलरीत नेऊन ठेवले.

अबोलीने पहिले काही दिवस खूप प्रयत्न केला. हे नमूद करायला हवं. ती आईवर चिडली नाही.

"आई, हा ड्रॉवर कसा उघडायचा?"

"दाबायचा."

"कुठे?"

"ते दिसत नाही, तेच तर."

"मी आत्ता दाबलं तर डिशवॉशर उघडला."

"मग त्याच्या डावीकडे."

सोफ्यावर बसणं तिला जमलं. उठणं जमेना. वडील एका हाताला, आई दुसऱ्या हाताला, असं उठवावं लागे.

"बाबा, तुम्ही नका बसू हां माझ्या शेजारी," अबोली म्हणाली. "दोघं अडकलो तर फायर ब्रिगेड बोलवावी लागेल."

"येऊ दे की," नंदकिशोर म्हणाले, "बूट बाहेर काढून येतील."

वैजयंतीबाई हसल्या. मनापासून हसल्या. मात्र हसताना हातातल्या मऊ फडक्याने त्या काउंटरची कड पुसत होत्या, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. लेकीचे पाय चेपायच्या तेव्हा तेल बाथरूममध्येच लावायच्या, दार लावून. लेकीला आवडतो म्हणून केलेला घावन त्यांनी तिला गॅलरीत दिला. लेकीने विचारलं, "आई, माझा पाळणा टांगायचा तो हुक होता ना हॉलमध्ये? कुठेय?" तेव्हा तिघांनीही वर पाहिलं. छत दुधासारखं सपाट होतं. बाईंनी क्षिप्राला फोन लावला.

"हुक आपण कट केला ना, काकू, सीलिंगच्या वेळी. खूप क्लटर दिसत होता. पण डोन्ट वरी, मी एक बेज बॅसिनेट पाठवते, बाळाची टोपली असते ती, खाली ठेवायची. आपल्या फोटोशूटलापण होईल."

बाळंतपणासाठी केलेल्या घरातून पाळण्याचा हुक कापला गेला, ही गोष्ट बाईंच्या मनात खुपली. पण बेज हा रंग भिंतीला जुळणार होता, हेही मनात आलं. दोन्ही एकाच वेळी आलं.

निकाल लागला तो एका सकाळी. अबोली बाथरूममधून येत होती. मालिश झाली होती, हातापायांना तेल होतं. हॉलच्या कोपऱ्याशी तिला भोवळ आली. तिथे पूर्वी शोकेसची कड होती, तिला लहानपणापासून त्या कडेला धरायची सवय. आता धरायला काही नव्हतं. ती कलंडली, आणि तोल सावरायला तिने तळहात भिंतीवर टेकला. पूर्ण तळहात, पाचही बोटं.

वैजयंतीबाई समोरच होत्या. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

मधला काळ फार थोडा होता. दोन टाळ्यांमध्ये जातो त्याहून कमी. पण ज्या बाईंनी आयुष्यभर काय आधी सुटलं आणि काय नंतर हे टिपलं, त्यांना क्रमाचं महत्त्व कोणी सांगायला नको होतं. आणि अबोली त्यांचीच मुलगी होती, तिचीही नजर बारीक होती.

त्या पुढे धावल्या, तिला धरलं, पाणी दिलं, रक्तदाब पाहिला, डॉक्टरांना फोन केला. सगळं ठीक होतं. दुपारी अबोली शांतपणे म्हणाली, "आई, मी उरणला जाते."

"का गं? मी पुसणार नाही ती भिंत. राहू दे."

"तू नाही पुसणार. पण तू बघत राहशील."

"अगं, पहिलं बाळंतपण माहेरी..."

"मला माहितीये." अबोलीचा आवाज ओला झाला. "मी पण तेच म्हणत होते सगळ्यांना, आमच्या आईकडे जाणार म्हणून. आई, मी इथे नुसती सांडतेय असं वाटतं मला. बाळ आलं की ते तर दिवसभर सांडणार."

वैजयंतीबाईंनी पुराव्याशिवाय कधी उत्तर दिलं नव्हतं. पुरावा भिंतीवर होता, अजून ओलसर. त्यांनी अबोलीची बॅग भरायला घेतली. तेजस संध्याकाळी गाडी घेऊन आला.

चुन्याच्या गिलाव्याला ठिगळ लागत नाही, पूर्ण भिंत पुन्हा करावी लागते. क्षिप्राने माणसं पाठवून ती करून दिली. काम उत्तम झालं. ठसा नेमका कुठे होता हे आता बाईंनाही सांगता येत नाही. (त्यांनी नीट उजेडात, बोटांनी चाचपून प्रयत्न केला.)

दिवस भरत आले तेव्हा वैजयंतीबाईंनी पिशवी भरली आणि विहिणीच्या घरी जाऊन राहिल्या. मुलीची आई मुलीच्या सासरी बाळंतपण करायला जाते, याला रिवाजात जागा नव्हती. गोजराबाईंनी ती बाहेरच्या खोलीत केली. त्या खोलीचा अभ्यासकांनी एकदा अभ्यास करावा. खालच्या फरशीत पाच प्रकारच्या टाइल होत्या, कारण त्या पाच वेळा उरलेल्या होत्या. भिंती पिस्त्याच्या रंगाच्या, ऑइलपेंट, छातीच्या उंचीपर्यंत तपकिरी पट्टा, म्हणजे डोकी टेकून टेकून डाग पडणार ते आधीच रंगवून टाकलेले. छताला गुलाबाच्या आकाराचं प्लास्टर, त्यातून पंखा, पंख्याशेजारी जाडजूड हुक. कपाटाला पितळी मुठी, टीव्हीवर क्रोशाचं झाकण, दाराला मण्यांचा पडदा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक, हव्या तेव्हा सुटणाऱ्या.

"तुमी ही घ्या खुर्ची, ती लंगरी हाय," गोजराबाई म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी वैजयंतीबाईंच्या हातून तेलाची वाटी उपडी झाली. त्यांनी सवयीने श्वास रोखला.

"ऱ्हाऊ द्या," गोजराबाई शेगडीत ओवा टाकत म्हणाल्या. "लादी पीत नाय."

लादी खरोखरच प्यायली नाही. तेल वर तसंच राहिलं, आणि त्यात पंखा दिसला.

नंदकिशोरांचा फोन आला तेव्हा बाई गच्चीवर लंगोट वाळत घालत होत्या.

"अहो, चूक सापडली," त्या म्हणाल्या. "नमुन्यांवर मी सगळं सांडून पाहिलं होतं. हळद, तेल, तूप. माणूस सांडून पाहिला नाही. दुसऱ्या कोणी असा रिपोर्ट दिला असता तर मी परत पाठवला असता."

"मग नापास कोण? भिंत?"

"छे. भिंत चांगली आहे हो. तपासणारी."

"बरं," नंदकिशोर म्हणाले. "मी सोफ्यावर बसू का?"

बाईंनी हातातला लंगोट दोरीवर टाकला, आणि शास्त्रज्ञाला शोभेल इतक्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "चादर टाकून बसा."

दरम्यान, नंदकिशोर खालच्या बाकावर बसलेले असताना, रिकाम्या फ्लॅटमध्ये क्षिप्राचं शूट झालं. मधोमध बेज बॅसिनेट, आत गुंडाळलेला पांढरा टॉवेल, वर मलमलीची घडी. 'नव्या जिवाच्या स्वागतासाठी सजलेलं माहेर' अशा मथळ्याखाली ते फोटो सर्वदूर गेले आणि खाली प्रश्नांचा ढीग पडला. त्यांतले शंभरात नव्वद भिंतीच्या छटेविषयी होते, उरलेले सोफ्याविषयी. एका बाईने हे धुता येतं का, असं विचारलं होतं. तिला कोणी उत्तर दिलं नाही.

वैजयंतीबाईंनी ही सगळी हकीकत आजवर पुष्कळांना सांगितली आहे, हसत हसत, स्वतःची फजिती म्हणून. ऐकणारेही हसतात, आणि हसून झाल्यावर एकच गोष्ट विचारतात, आणि ती बाळाविषयी नसते. अबोली सुखरूप सुटली का, त्रास किती झाला, मुलगा की मुलगी, नाव काय ठेवलं, यांपैकी वर कुठेही काही सांगितलेलं नाही. ऐकणाऱ्यांपैकी कोणाला ते राहून गेल्याची जाणीव झालेली नाही, आणि पिस्ता रंगाच्या भिंतीपर्यंत इतक्या लक्षपूर्वक आलेल्या आपल्यालाही झालेली दिसत नाही. तेव्हा जे मनात आहे त्याचंच उत्तर देणं बरं. छटेचं नाव 'ओली वाळू'. चुन्याचा गिलावा, दोन हात, वरून मॅट सीलर. क्षिप्राचा नंबर मागितल्यास मिळेल.